दुसऱ्या खोलीतले गाणे

गाणे एका खोलीत व्हावे आणि ते दुसऱ्या खोलीत ऐकू यावे, ही गोष्ट आपल्या घरांना नवी नाही. बैठकीच्या खोलीत गवई गात असे आणि माजघरात दाराआड बसून घरातल्या बायका ते ऐकत. पुढे रेडिओ आला. तो बाहेरच्या खोलीत कोनाड्यात बसला, पण त्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत पोचेल इतका मोठा ठेवण्याची रीत होती. धारवाड केंद्रावरची वचने आणि सांगली केंद्रावरची नाट्यगीते एकाच घरात, भाकऱ्या थापता थापता कानांवर पडत. आमच्या या दुभाषी मुलखातल्या पुष्कळांचा कान असा शेजारच्या खोलीतल्या आवाजावर तयार झालेला आहे. म्हणूनच, संगणकात साठवलेले संगीत घरातल्या दुसऱ्या खोलीतल्या यंत्रावर ऐकण्याची जी सोय गेल्या पंचवीस वर्षांत झाली, तिच्याकडे केवळ नवे खेळणे म्हणून पाहू नये असे मला वाटते. एखाद्या ग्रंथाचे किंवा नाट्यप्रयोगाचे परीक्षण करावे तसे तिचेही करता येईल. ती काय देते, काय हिरावून घेते आणि आपल्या संगीताला ती कितपत मानवते, एवढे तपासण्याचा या लेखात प्रयत्न आहे.

प्रथम वस्तू काय आहे ते सांगतो. एका खोलीत संगणक असतो आणि त्यात ध्वनिमुद्रणे साठवलेली असतात. दुसऱ्या खोलीत वहीएवढी एक डबी असते. ती एका अंगाने घरातल्या नेटवर्कला आणि दुसऱ्या अंगाने स्पीकरला जोडलेली. संगणकातून गाणे आकड्यांच्या रूपाने निघते, डबी त्यातला थोडा भाग आधीच आपल्याजवळ साठवून घेते आणि मग त्याचा आवाज करून सोडते. नळाला पाणी थांबून थांबून आले तरी गच्चीवरच्या टाकीमुळे मोरीतली धार अखंड राहते, तसाच हा प्रकार. सीडीवरच्या संगीतात दर सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनीचे मोजमाप घेतलेले असते, तेही डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचे. म्हणजे सेकंदाला सुमारे १४ लाख बिट वाहून न्यावे लागतात आणि तासाभराच्या गाण्याला सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते. हे ओझे हलके करण्याचे दोन मार्ग निघाले. एमपी-थ्री या पद्धतीत कानाला सहसा जाणवणार नाही असा भाग टाकून दिला जातो. २००१ साली आलेल्या फ्लॅक या पद्धतीत काहीही न टाकता नुसती घडी घातली जाते. उलगडल्यावर मूळ जसेच्या तसे मिळते. संग्रह करणाऱ्याने दुसरा मार्ग धरावा, हे वेगळे सांगायला नको. टाकून दिलेले परत आणता येत नाही.

या कल्पनेचे कुळ मात्र संगणकाहून फार जुने आहे. १८८१ साली पॅरिसमध्ये विजेचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. तेथे क्लेमां आदेर या अभियंत्याने पॅरिसच्या ऑपेरागृहातून तारा ओढून आणल्या आणि प्रदर्शनातल्या लोकांना दोन्ही कानांशी एकेक श्रवणी लावून चालू असलेले गाणे ऐकवले. पुढे १८९० मध्ये ‘तेआत्रोफोन’ या नावाने त्याचा धंदाच निघाला आणि तो १९३२ पर्यंत चालला. वर्गणी भरली की घरबसल्या ऑपेरा. प्रकृतीने नाजूक असलेला कादंबरीकार मार्सेल प्रूस्त १९११ मध्ये असाच एक वर्गणीदार झाला होता. न्यूयॉर्कमध्ये १९०६ साली थॅडियस केहिल याने विजेवर स्वर निर्माण करणारे, सुमारे दोनशे टन वजनाचे वाद्य उभारून त्याचे संगीत तारांवरून गावात विकण्याचा घाट घातला. तो फार दिवस टिकला नाही.

या पूर्वजांची आठवण एका मुद्द्यासाठी काढली. त्यांत आवाज दुसऱ्या खोलीत पोचत होता, पण निवड पोचत नव्हती. ऑपेरागृहात जे चालू असेल ते ऐकायचे. शाळेचेही तसेच असते. आमच्या कार्यालयात बटण दाबले की प्रत्येक वर्गातल्या स्पीकरच्या पेटीतून प्रार्थना सुरू होते. आठवीच्या वर्गाला आज दुसरी प्रार्थना हवी असली तरी पेटीला ते सांगण्याची सोय नाही. ती शिस्तीची गोष्ट असल्याने तेथे ते योग्यच आहे. घरातल्या गाण्याला मात्र हा नियम लावता येत नाही. म्हणून या यंत्रांचे मूल्यमापन करताना पहिली कसोटी मी अशी धरतो : ऐकणारा ज्या खोलीत बसला आहे, त्याच खोलीतून त्याला सगळा संग्रह चाळता येतो का?

या कसोटीवर तीन यंत्रे घासून पाहू. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये शॉन ॲडम्स याने काढलेल्या स्लिम डिव्हायसेस या छोट्या कंपनीने २००१ मध्ये ‘स्लिमपी-थ्री’ ही डबी विकायला आणली. तिच्यात साठवण काहीच नव्हती. एक तेजस्वी अक्षरांची पट्टी, एक रिमोट आणि तारेने नेटवर्कला जोडायची खाच, एवढाच संसार. २००३ मध्ये तिची बिनतारी धाकटी बहीण ‘स्क्वीझबॉक्स’ आली. अक्षरांच्या त्या पट्टीवर दुसऱ्या खोलीतल्या संगणकातली सगळी यादी सरकत येत असे : गायक, त्याखाली ध्वनिमुद्रिका, त्याखाली गाणी. पलंगावर पडल्यापडल्या कपाटातली प्रत्येक फीत हाताळावी तसे ते होते.

२००४ साली ॲपलने ‘एअरपोर्ट एक्स्प्रेस’ ही डबी आणली. दिसायला सुबक, भिंतीतल्या प्लगला सरळ खोचायची. पण तिला पडदा नव्हता. गाण्याची निवड संगणकावरच व्हायची. एक गाणे नकोसे झाले तर उठून संगणकाच्या खोलीत जायचे आणि दुसरे लावून परत यायचे. आवाज चांगला असूनही पहिल्या कसोटीवर ती उणी पडली. पुढे खिशातला मोबाइल हाच रिमोट झाल्यावर ही उणीव भरून निघाली, पण ते श्रेय त्या डबीचे नव्हे. तिसरे यंत्र सोनोस या कंपनीचे. ते २००५ मध्ये बाजारात आले, हातात धरायचा रंगीत पडद्याचा नियंत्रक घेऊनच. एकाच घरातल्या अनेक खोल्यांत एक गाणे एकाच वेळी किंवा प्रत्येक खोलीत वेगळे, ही सोय त्याने इतकी सोपी केली की लहान मुलानेही चालवावी. सफाईच्या बाबतीत तिघांत सोनोस उजवे, यात मला शंका नाही.

अनेक खोल्यांत एकच गाणे वाजवणे वाटते तितके सोपे नाही, आणि आपल्या संगीताच्या बाबतीत तर मुळीच नाही. प्रत्येक डबीत काळ मोजणारा एक स्फटिक असतो. दोन स्फटिक तंतोतंत सारखे चालत नाहीत. त्यांच्यात दहा लाखांत पन्नास इतका बारीक फरक धरला, तरी तासाभरात दोन खोल्यांतल्या आवाजांत ०.१८ सेकंदाचे अंतर पडते. हे किती, ते तालाच्या भाषेत सांगतो. द्रुत तीनतालात मिनिटाला २४० मात्रा धरल्या तर एका मात्रेला पाव सेकंद मिळतो. म्हणजे बैठकीच्या खोलीतली सम आणि स्वयंपाकघरातली सम यांत जवळजवळ पाऊण मात्रेचा फरक! दोन खोल्यांच्या मधल्या दारात उभ्या राहिलेल्या माणसाला एकाच तबल्याचे दोन तबले ऐकू येतील आणि त्याचा जीव नकोसा होईल. म्हणून चांगल्या व्यवस्थेत प्रत्येक डबी गाण्यात कोठवर आली याचा हिशेब सतत ठेवला जातो आणि पुढे-मागे झालेल्या डबीला हळूच सावरून घेतले जाते. साथीदार गायकाला सांभाळतो तसे हे सांभाळणे आहे. ते नीट जमले तर आपल्या लक्षातही येत नाही.

दुसरी परीक्षा आहे ती जोडाची. सीडीवर बडा ख्याल आणि छोटा ख्याल हे बहुधा वेगळे तुकडे म्हणून नोंदलेले असतात, पण गाताना त्यांत खंड नसतो. विलंबिताचा मुखडा ठेवता ठेवता गायक द्रुताची बंदिश उचलतो आणि तबलजी त्याच क्षणी लय बदलतो. त्या वळणावरच मैफलीची अर्धी मजा असते. एमपी-थ्री बनवताना तुकड्याच्या आरंभी आणि शेवटी किंचित शांतता भरली जाते. ती वगळण्याची काळजी यंत्राने घेतली नाही, तर नेमक्या या वळणावर आवाज तुटतो. तीन मिनिटांच्या सुट्या गाण्यांना हा दोष जाणवत नाही, त्यामुळे अनेक यंत्रांच्या कर्त्यांनी त्याकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष केले. फ्लॅकमध्ये हा प्रश्न मुळातच नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीने एकेकाळी आमच्या गवयांना सुमारे तीन मिनिटांत राग उरकायला लावला. मिरजेस राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्या तीन मिनिटांतही केवढे सामर्थ्य दाखवले, ते आपण जाणतोच. पण ती तेव्हाच्या यंत्राची मर्यादा होती. आजच्या यंत्राला तासाभराचे गाणे अखंड ऐकवता येते. ते त्याने ऐकवले नाही, तर त्याला निष्काळजीपणाच म्हटले पाहिजे.

आता नावांच्या प्रश्नाकडे वळतो. माझ्या मते या साऱ्या व्यवस्थेचा सर्वांत मोठा दोष येथे आहे.

संगणक गाणे ऐकत नाही. गाण्याला चिकटवलेली चिठ्ठी तो वाचतो. एमपी-थ्रीसाठी १९९६ मध्ये अशी चिठ्ठी ठरवली गेली. सारी मिळून १२८ अक्षरांची जागा : गाण्याचे नाव ३०, कलावंत ३०, ध्वनिमुद्रिका ३०, शेरा ३०, वर्षाला ४, आणि संगीताचा प्रकार एका आकड्याने. तो आकडा ज्या यादीतून घ्यायचा, तिच्यात आरंभी ८० प्रकार होते. त्यांत पोल्का आहे, गॉथिक आहे, टेक्नो आहे. ख्याल, ठुमरी, अभंग, वचन, नाट्यपद यांतले एकही नाही. शिवाय ती ३० घरे रोमन अक्षरांच्या मापाने आखलेली. आज सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीने देवनागरी लिहिली तर प्रत्येक अक्षरखुणेला तीन घरे लागतात. म्हणजे ३० घरांत दहाच खुणा मावणार. ‘मल्लिकार्जुन’ या शब्दात काना, मात्रा, हलन्त धरून बारा खुणा आहेत. मन्सूर तर बाजूलाच राहिले, त्यांचे पहिले नावसुद्धा त्या चौकटीत मावत नाही. कन्नड लिपीत लिहिले तरी हिशेब तोच. सीमेच्या दोन्ही बाजूंना येथे सारखाच न्याय मिळाला आहे, असे गमतीने म्हणता येईल.

पुढे ही चौकट रुंद झाली. आज कोणत्याही लिपीत कितीही लांब नाव लिहिता येते आणि फ्लॅकमध्ये तर चिठ्ठीवर आपल्या मनाचे रकाने पाडता येतात : राग, ताल, साथीदार, स्थळ, तारीख. जागा झाली, पण ती भरणारा कोणी नाही. बाजारातून घेतलेल्या बहुतेक संगीतावर ‘गायक, ध्वनिमुद्रिका, गाणे’ एवढीच ओळख असते. वामनराव देशपांडे यांचे ‘घरंदाज गायकी’ १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हापासून तरी मराठी रसिकाला संगीताची मांडणी घराण्यांच्या अंगाने कशी करावी हे ठाऊक आहे. अब्दुल करीम खाँ, त्यांचे शिष्य कुंदगोळचे सवाई गंधर्व आणि त्यांचे शिष्य भीमसेन जोशी ही साखळी आमच्या कानांत एका ओळीत बसते. यंत्राच्या यादीत ती तिघे तीन टोकांना जातात.

त्यातून वाढते ते उपाधींचे प्रकरण. ‘पंडित’ आधी लिहिले की भीमसेन आणि कुमार दोघेही प-च्या घरात शिरतात आणि उस्ताद मंडळी सारी उ-च्या घरात. काही दिवसांनी संग्रहात दोनच कलावंत उरल्यासारखे वाटते, एक पंडित आणि एक उस्ताद. दुभाषी घरात आणखी एक घोळ होतो. सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या शिवपुत्र कोमकाळीमठ यांना आपण कुमार गंधर्व म्हणून ओळखतो. हे नाव एका सीडीवरून रोमन लिपीत येते, मुलाने लिहिले तर देवनागरीत आणि सुनेने लिहिले तर कन्नडमध्ये. यंत्राला ते तीन निराळे गवई वाटतात. ज्या माणसाने भाषांच्या सीमा ओलांडून आयुष्य घालवले, त्याचे घरातल्या यादीतच असे त्रिभाजन व्हावे, हे खटकते. उपाय अवघड नाही. प्रत्येक कलावंतासाठी एकच लेखन ठरवावे, उपाधी नावाच्या मागे टाकावी आणि राग-तालाचे रकाने स्वतः भरावेत. ग्रंथालयातल्या दाखल नोंदवहीचे काम ज्याने केले असेल, त्याला यात नवे काही वाटणार नाही. काम कंटाळवाणे आहे, हे मात्र खरे.

यंत्रांच्या गुणदोषांइतकेच त्यांचे आयुष्यही परीक्षणात धरले पाहिजे, कारण पुस्तक प्रकाशक बंद पडला तरी वाचता येते. या डब्यांचे तसे नाही. स्लिम डिव्हायसेस ही कंपनी २००६ मध्ये लॉजिटेकने दोन कोटी डॉलरला विकत घेतली आणि २०१२ मध्ये स्क्वीझबॉक्स बनवणेच थांबवले. ॲपलने एअरपोर्टचा व्यवहार २०१८ मध्ये गुंडाळला. गुगलने २०१५ मध्ये ‘क्रोमकास्ट ऑडिओ’ नावाची स्वस्त चकती आणली होती. तिचे उत्पादन २०१९ च्या आरंभी बंद झाले. सोनोसने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केले की मे महिन्यापासून आपल्या जुन्या यंत्रांना नव्या सुधारणा मिळणार नाहीत. ग्राहक भडकले, तेव्हा प्रमुखांना माफीचे पत्र काढावे लागले. मे २०२४ मध्ये त्याच कंपनीने मोबाइलवरचे नियंत्रण नव्याने बांधून दिले, त्यात घरच्या संग्रहात शोध घेण्यासारखी जुनी सोयसुद्धा आरंभी नव्हती. पुन्हा माफी झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये प्रमुखाला पायउतार व्हावे लागले. सफाईत उजवे ठरलेले यंत्र येथे डावे ठरते, कारण त्याची किल्ली मालकाच्या घरात नसून कंपनीच्या घरात होती.

स्क्वीझबॉक्सची गोष्ट वेगळी घडली. संगणकात चालणारा तिचा सर्व्हर पहिल्यापासून मुक्त परवान्याखाली होता. त्याचे अंतरंग कोणीही वाचावे, दुरुस्त करावे, वाटावे. कंपनी विकली गेली, उत्पादन थांबले, नावे बदलत गेली, तरी वापरणाऱ्यांनी तो सर्व्हर चालू ठेवला. २०२४ मध्ये लॉजिटेकने आपले संकेतस्थळही बंद केले. तेव्हा त्याच सर्व्हरने ‘लिरियन म्युझिक सर्व्हर’ असे नवे नाव घेतले आणि तो पुढे निघाला. जुन्या डब्या त्यावर आजही वाजतात. डबी नसेल तर रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक डबीचे काम करतो. संगीत नाटक मंडळी फुटल्यावरही पदे लोकांच्या तोंडी राहिली, तसे हे झाले. जे सर्वांच्या हाती सोपवले होते तेवढे टिकले.

यावरून माझी दुसरी कसोटी ठरते आणि ती मला पहिलीहून महत्त्वाची वाटते : गाणे दुसऱ्या खोलीत पोचते, पण ते निघते कोणाच्या खोलीतून? आज बहुतेक घरांत मोबाइलवरून वर्गणीचे संगीत लावले जाते. ते आपल्या घरातल्या कोणत्याच खोलीतून निघत नाही. ते एखाद्या दूरदेशीच्या कोठारातून येते आणि वर्गणी थांबली की थांबते. एखाद्या ध्वनिमुद्रिकेचे हक्क बदलले की ती यादीतून निमूट नाहीशी होते. या सोयीला मी नावे ठेवत नाही. खेडेगावातल्या विद्यार्थ्याला एका दिवसात दहा गायकांचा यमन ऐकता येतो, हे मोठेच वरदान आहे. आमच्या पिढीला त्यासाठी दहा वर्षे लागली असती. पण ते वाचनालय आहे, घरचे कपाट नव्हे. वाचनालय असले म्हणून कोणी घरची पोथी रद्दीत घालत नाही.

घरच्या पोथीचे उदाहरण देतो. माझ्या परिचयातल्या एका घरात जुन्या कॅसेटी होत्या. गणेशोत्सवातली गावची भजने, एका हरिदासाचे कीर्तन आणि घरच्या आजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्या. आजीचे माहेर कन्नड. तिच्या ओव्यांत दोन कडवी मराठी तर पुढची दोन कन्नड अशी सरमिसळ आहे आणि मधूनच जात्याची घरघर. त्या घरातल्या मुलाने कॅसेटी संगणकात उतरवल्या आणि स्वयंपाकघरात एक डबी बसवली. आता घरातली सून सकाळी डब्यांची तयारी करता करता, कोणाला न विचारता, त्यातले हवे ते लावते. ती स्वतः धारवाडकडची. आजीच्या कन्नड ओळींचे अर्थ मुलांना तीच सांगते. हा आवाज जगातल्या कोणत्याही कंपनीच्या कोठारात नाही. मराठीवाले आणि कन्नडवाले यांच्यात कोणाचे गाव कोणाचे यावर आम्ही पिढ्यान् पिढ्या भांडत आलो. त्या ओव्यांना मात्र ते भांडण ठाऊक नाही. असा संग्रह ज्या सोयीमुळे पेटीतून निघून रोजच्या कानांवर येतो, तिचे मोल मी फार मानतो.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. बैठक मारून ऐकायचे गाणे असे कामाच्या मागे वाजत ठेवणे, ही संगीताची अवहेलना नाही का? आक्षेप खरा आहे. समोर गायक नसला की दाद द्यायला कोणी नाही आणि दाद न देणारा कान हळूहळू आळसावतो. यंत्रात गाणी पिसून वाटेल त्या क्रमाने वाजवण्याचीही युक्ती असते. ती लावली की रात्री नऊ वाजता भैरव आणि सकाळी मालकंस ऐकण्याची पाळी येते. पण दाराआड बसून ऐकणाऱ्या आमच्या आज्यांना तरी समोरची जागा कोठे मिळाली होती? त्यांनी भाकऱ्या करता करताच ऐकले आणि कित्येकींना बंदिशी मुखोद्गत झाल्या. कान तयार होतो तो वारंवार पडणाऱ्या चांगल्या स्वराने. लक्ष देऊन ऐकण्याची सवय ही पुढची पायरी असून ती लावणे घरातल्या मोठ्यांचे काम आहे. तो भार यंत्रावर टाकता येणार नाही.

अधिक गंभीर दोष निराळाच आहे. घरचा संग्रह राखायला घरात एक राखणदार लागतो. सर्व्हर बंद पडला तर तो सुरू कसा करायचा, संकेतशब्द कोणता, नवे गाणे कोठे ठेवायचे, हे बहुधा एकालाच ठाऊक असते. तो परगावी नोकरीला गेला, आजारी पडला किंवा देवाघरी गेला, की सगळे मुके होते. कपाटातली कॅसेट निदान दिसते तरी. संगणकातले गाणे कोणाला दिसत नाही आणि जुना संगणक भंगारवाल्याला देताना त्याबरोबर काय गेले हेही कळत नाही. हार्ड डिस्क तर मर्त्यच आहे. म्हणून ज्यांनी हा उद्योग आरंभला आहे त्यांना माझे तीन गोष्टींचे सांगणे आहे. संग्रहाची दुसरी प्रत वेगळ्या घरी, लेकीकडे किंवा भावाकडे, ठेवावी. काय काय आहे आणि ते कसे चालवायचे, हे एका साध्या वहीत दोन्ही भाषांत लिहून ठेवावे. आणि घरातल्या निदान एका लहान मुलाला ते सारे हाताने करायला शिकवावे. शाळेच्या जनरल रजिस्टरात पन्नास वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्याची नोंद आजही सापडते. ती लिहिणारा कारकून कधीच गेला, पण लिहिण्याची पद्धत पुढच्याला शिकवून गेला.

एकंदरीत पाहता, दुसऱ्या खोलीत गाणे पोचवणारी ही सोय आपल्या संगीताला चांगली मानवते. मात्र त्यासाठी अखंड गाणे अखंड ऐकवणारे यंत्र हवे, नावे आपली आपण लिहायला हवीत आणि कोठाराची किल्ली घरात राहायला हवी. यंत्र घेताना दुकानदार आवाज किती गोड आहे ते ऐकवील. आवाज जरूर ऐकावा. त्यानंतर त्याला एवढे विचारावे की, तुमची कंपनी उद्या बंद झाली तर आमच्या आजीच्या ओव्या परवा या डबीतून ऐकू येतील का? उत्तर सरळ मिळाले, तरच पैसे मोजावेत.